ग्रंथाला वाचक देणारा गणिती : डॉ. एस. आर. रंगनाथन

जुन्या ग्रंथालयांच्या इतिहासात ग्रंथ जमविणाऱ्यांची, देणग्या देणाऱ्यांची आणि वास्तू उभारणाऱ्यांची नावे आदराने जतन केलेली असतात, आणि ते योग्यच आहे. परंतु जमविलेला ग्रंथ नेमक्या वाचकाच्या हाती नेमक्या वेळी कसा पडेल, या एकाच प्रश्नाचा ध्यास घेऊन सारे आयुष्य वेचणारी माणसे विरळा. विसाव्या शतकातील भारतात असे पहिले नाव घ्यावे लागते ते डॉ. एस. आर. रंगनाथन यांचे. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक म्हणून त्यांचा गौरव होतो. ग्रंथालयाच्या व्यवहाराला त्यांनी शास्त्राची बैठक दिली, हे खरेच. पण त्या शास्त्राच्या केंद्रस्थानी त्यांनी ग्रंथ ठेवला नाही, वाचक ठेवला, ही त्यांची खरी कामगिरी. ती नीट कळण्यासाठी त्यांचे चरित्र पाहावे लागते. कारण ग्रंथपाल होण्याची तसूभरही इच्छा नसलेला एक गणिताचा प्राध्यापक या वाटेला लागला कसा, याची ही कथा आहे.

शियाळी रामामृत रंगनाथन यांचा जन्म ऑगस्ट १८९२ मध्ये तंजावर जिल्ह्यातील शियाळी या गावी झाला. मराठी वाचकाला तंजावर म्हटले की भोसले राजे आठवतात आणि त्यांनी समृद्ध केलेले सरस्वती महाल ग्रंथालय आठवते. त्याच कावेरीच्या सुपीक मुलखात हे बालक वाढले. वडील लहानशा शेतीचे मालक होते. रामायणाची त्यांना गोडी होती आणि गावातील लोकांपुढे ते त्याचे निरूपण करीत. रंगनाथन अवघे सहा वर्षांचे असताना त्यांचे छत्र हरपले. आजोबा शिक्षक होते. गावच्या हिंदू हायस्कुलातील संस्कृत आणि तमिळ परंपरेचे संस्कार घेऊन रंगनाथन मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजात दाखल झाले. १९१३ साली बी.ए. आणि १९१६ साली गणित घेऊन एम.ए. ही पदवी त्यांनी मिळविली. तेथील गणिताचे प्राध्यापक एडवर्ड रॉस यांच्याशी त्यांचा जो गुरुशिष्यसंबंध जुळला, तो वर्गापुरता राहिला नाही. पुढे त्यांच्या आयुष्यातील एका निर्णायक क्षणी हेच गुरू त्यांच्या उपयोगी पडले.

शिक्षकाचे प्रशिक्षण पूर्ण करून १९१७ पासून मंगळूर व कोइमतूर येथील सरकारी महाविद्यालयांत आणि त्यानंतर मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात त्यांनी गणित शिकविले. त्यांना बोलताना अडखळण्याची सवय होती. अध्यापनाच्या व्यवसायात हा दोष मोठा अडसर ठरावा; पण निग्रहाने त्यावर मात करून ते विद्यार्थिप्रिय शिक्षक झाले. गणितावरील त्यांचे प्रेम अखेरपर्यंत टिकले. श्रीनिवास रामानुजन यांना ओळखणाऱ्यांच्या आठवणी गोळा करून त्यांनी १९६७ साली त्या थोर गणितज्ञाचे चरित्रही प्रसिद्ध केले.

नको असलेली नोकरी

१९२३ साली मद्रास विद्यापीठाने ग्रंथपालाचे पद निर्माण केले. प्राध्यापकाच्या तुटपुंज्या वेतनापेक्षा या जागेचे वेतन बरे होते. मित्रांच्या आग्रहाने रंगनाथन यांनी अर्ज केला. सुमारे नऊशे अर्ज आले होते आणि त्यांतील एकाही उमेदवाराने ग्रंथपालनाचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. रंगनाथन यांची या विषयातली पूर्वतयारी म्हणजे मुलाखतीच्या आधी एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकामधील ग्रंथालयांवरचा लेख वाचून काढणे, एवढीच. गणितावरील त्यांचे काही शोधनिबंध मात्र प्रसिद्ध झाले होते. विद्यापीठाला संशोधनाची दृष्टी असलेला माणूस हवा होता आणि निवड त्यांची झाली.

जानेवारी १९२४ मध्ये ते रुजू झाले आणि थोड्याच दिवसांत कंटाळून गेले. वर्गात विद्यार्थ्यांच्या गराड्यात रमणाऱ्या या शिक्षकाला शांत दालनात एकट्याने बसून राहणे ही शिक्षाच वाटली. वाचक फिरकत नव्हते आणि त्यामुळे ग्रंथपालाला करण्यासारखे काम दिसत नव्हते. आपल्याला पुन्हा गणिताकडे जाऊ द्यावे, अशी त्यांनी विनंती केली. अखेर तडजोड ठरली. विद्यापीठ त्यांना ग्रंथालयांच्या अभ्यासासाठी इंग्लंडला पाठविणारच होते; तेथून परतल्यावरही मन रमले नाही, तर महाविद्यालयातील जागा त्यांची त्यांना परत मिळावी. या आश्वासनावर रंगनाथन जहाजात बसले.

त्या काळी हिंदुस्थानात ग्रंथालयांचा विचार मुळीच झाला नव्हता, असे नाही. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकन तज्ज्ञाला पाचारण करून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणले होते. गावोगाव फिरणाऱ्या पुस्तकपेट्या हा बडोद्यातील मराठी-गुजराती वाचकांच्या परिचयाचा विषय होता. परंतु मद्रासच्या विद्यापीठात शिकलेल्या तरुणाला ग्रंथालय ही पुस्तके सांभाळण्याची जागा वाटत होती आणि ग्रंथपाल हा तिचा राखणदार. त्यात नवल काहीच नव्हते. बहुतेक ठिकाणी परिस्थिती तशीच होती.

लंडनचे दिवस

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात डब्ल्यू. सी. बर्विक सेयर्स हे वर्गीकरण शिकवीत आणि क्रॉयडन येथील सार्वजनिक ग्रंथालयाचे ते प्रमुखही होते. आपल्या शिष्याची चिकित्सक बुद्धी त्यांनी ओळखली आणि त्याला पुस्तकी पाठांत न अडकविता ग्रंथालये हिंडून पाहायला लावली. रंगनाथन यांनी लहानमोठी अनेक ग्रंथालये पाहिली आणि त्या फिरस्तीत त्यांच्या मनातील ग्रंथालयाचे चित्र पालटत गेले. तेथे कामगार येत होते, गृहिणी येत होत्या, मुलांसाठी निराळी दालने होती. पुस्तक मागणाऱ्याला ग्रंथपाल हटकत नव्हता, मदत करीत होता. ज्या कामाचा आपल्याला कंटाळा आला ते काम खरे म्हणजे आपण पाहिलेच नव्हते, हे त्यांच्या ध्यानी आले. हेही काम शिक्षकाचेच होते. भेद एवढाच की येथे वर्गाला चार भिंती नव्हत्या आणि विद्यार्थी सर्व वयांचे होते.

त्याबरोबर एक उणीवही त्यांना जाणवली. बहुसंख्य ग्रंथालये मेल्विल ड्यूई यांनी १८७६ साली प्रसिद्ध केलेली दशांश वर्गीकरण पद्धती वापरीत. त्या पद्धतीत ज्ञानाच्या सर्व शाखांना आधीच आकडे नेमून दिलेले असत. नवा विषय निर्माण झाला की त्याला कोठे बसवावे, असा पेच पडे. एकच ग्रंथ दोन विषयांना स्पर्श करीत असेल, तर प्रत्येक ग्रंथालय त्याला आपापल्या समजुतीने निराळ्या जागी ठेवी. शिवाय ती मांडणी पाश्चात्त्य जगाच्या सोयीची होती. धर्म या विभागातील बहुतेक जागा ख्रिस्ती धर्माने व्यापलेली आणि हिंदू धर्म एका आकड्याच्या दशांश चिन्हापलीकडे ढकललेला. मराठी वाङ्मयाची अवस्था निराळी नव्हती. ज्ञानेश्वरांपासूनचे सारे साहित्य इतर भाषांसाठी राखलेल्या एका विभागात, दशांश चिन्हानंतरच्या दोन आकड्यांत सामावून घ्यावे लागे.

या विचारात असताना लंडनच्या सेल्फ्रिजेस या प्रसिद्ध दुकानात त्यांनी मेकॅनो हा खेळ पाहिला. त्याच त्या पट्ट्या, चाके, स्क्रू आणि नट. पण जुळणी बदलली की कधी गाडी तयार होई, कधी पूल, तर कधी यारी. गणिती मनाला एवढे पुरेसे होते. विषयांची तयार यादी करण्याऐवजी विषयांचे सुटे घटक करून ठेवावेत आणि ग्रंथ समोर येईल तेव्हा त्याच्या आशयाप्रमाणे ते जोडावेत, ही कल्पना त्यांना सुचली. परतीच्या प्रवासात जहाजावरील ग्रंथसंग्रहावरच त्यांनी तिचा प्रयोग करून पाहिला. १९२५ च्या उन्हाळ्यानंतर ते मद्रासला परतले, तेव्हा गणिताच्या जागेचे आश्वासन त्यांना आठवतही नव्हते.

पाच सूत्रे

मद्रासमध्ये त्यांनी कामाचा धडाका लावला. कुलुपबंद कपाटे आणि मागणीपत्रिका यांच्या जागी मुक्तद्वार पद्धती आणली. म्हणजे वाचकाने स्वतः मांडणीपाशी जावे, पुस्तके चाळावीत आणि निवडावीत. ग्रंथालयाची वेळ वाढविली. वाचक येत नाही, तर वाचकाकडे गेले पाहिजे, म्हणून व्याख्याने, वर्तमानपत्रांतील लेख आणि वैयक्तिक भेटीगाठी सुरू केल्या. जानेवारी १९२८ मध्ये मद्रास ग्रंथालय संघाची स्थापना झाली आणि तिची धुरा त्यांनी वाहिली. १९२९ साली या संघाने ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणवर्ग काढला. तो पुढे विद्यापीठाने आपल्याकडे घेतला. १९३६ साली विद्यापीठाचे ग्रंथालय समुद्रकिनाऱ्यावरील स्वतःच्या वास्तूत गेले, त्या वास्तूच्या रचनेमागेही वाचकाच्या सोयीचाच विचार होता.

एवढे करूनही त्यांच्या मनाला एक टोचणी लागून राहिली होती. ग्रंथालयात शेकडो लहानमोठे नियम होते. परंतु हे नियम कोणत्या मूळ तत्त्वांतून निघाले, याचे उत्तर कोणाजवळ नव्हते. गणितात सारी प्रमेये थोड्याशा गृहीतकांवर उभी असतात. तशी गृहीतके येथेही असली पाहिजेत, या विचाराने ते बेचैन होते. १९२८ साली एकदा प्रा. रॉस त्यांच्याकडे आले असता शिष्याने आपली अडचण गुरूंपुढे मांडली. ग्रंथ उपयोगासाठी आहेत, हेच पहिले तत्त्व होय, असे रॉस यांनी सहज सुचविले. गाठ सुटली. उरलेली चार तत्त्वे त्यातून आपोआप उलगडत गेली आणि १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्री पुस्तकरूपाने प्रकट झाली.

ही सूत्रे ऐकायला इतकी साधी आहेत की त्यांत नवे काय, असा प्रश्न पडावा. पहिले सूत्र सांगते, ग्रंथ जतन करण्यासाठी नसून वापरासाठी आहेत. मध्ययुगीन युरोपात ग्रंथ साखळदंडांनी मेजाला जखडून ठेवीत. साखळ्या गेल्या तरी साखळीमागची वृत्ती मात्र उरलीच होती. ग्रंथालय गावाबाहेर बांधणे, लोक मोकळे असतात त्याच वेळी ते बंद ठेवणे, हात पोचणार नाही इतकी उंच कपाटे करणे, ही सारी रंगनाथन यांच्या मते त्या साखळीचीच रूपे होत. दुसरे सूत्र प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळाला पाहिजे, असे बजावते. येथे प्रत्येक या शब्दावर भर आहे. श्रीमंत-गरीब, स्त्री-पुरुष, शहरी-खेडवळ, डोळस-अंध असा भेद त्याला मान्य नाही. तिसरे सूत्र हेच ग्रंथाच्या बाजूने पाहते. कपाटात न वाचलेला पडून राहिलेला ग्रंथही कोणा एका वाचकाची वाट पाहत असतो. त्यांची गाठ घालून देणे हे ग्रंथपालाचे कर्तव्य. चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवावयास सांगते. वर्गीकरण, तालिका, देवघेवीची सुटसुटीत पद्धत आणि संदर्भसेवा या सर्वांचा जन्म या सूत्रातून होतो. पाचव्या सूत्रानुसार ग्रंथालय ही सजीवाप्रमाणे वाढणारी संस्था आहे. तेव्हा इमारत, फडताळे, नियम आणि माणसे यांची आखणी वाढ गृहीत धरूनच केली पाहिजे.

या काळात त्यांच्यावर कौटुंबिक आघातही झाला. पंचसूत्री सुचली त्याच वर्षी, १९२८ मध्ये, त्यांच्या पत्नी रुक्मिणी यांचा ट्रिप्लिकेन येथील पार्थसारथी मंदिराच्या तळ्यात अपघाती मृत्यू झाला. पुढील वर्षाच्या अखेरीस शारदा यांच्याशी त्यांचा विवाह झाला. दिवसाचे बहुतेक तास ग्रंथालयात घालविणाऱ्या आणि वर्षानुवर्षे रजा न घेणाऱ्या या माणसाचा संसार शारदाबाईंनी सांभाळला. आपल्या कामातील त्यांच्या वाट्याची जाणीव रंगनाथन यांनी आयुष्यभर ठेवली.

विषयाचे नकाशे

मेकॅनोतून सुचलेली वर्गीकरणपद्धती १९३३ साली प्रसिद्ध झाली. विषयाचे घटक जोडण्यासाठी त्यांनी द्विबिंदू हे विरामचिन्ह योजले, म्हणून तिला द्विबिंदू वर्गीकरण म्हणतात. तिची रीत एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, फुप्फुसाच्या क्षयावर क्ष-किरणांनी करावयाच्या उपचारासंबंधी भारतात १९५० साली झालेल्या संशोधनावर एखादा ग्रंथ आहे. जुन्या पद्धतीत त्याला क्षयरोग या शीर्षकाखाली ठेवून ग्रंथपाल मोकळा होई. रंगनाथन मात्र त्याचे घटक पाडतात : शास्त्र वैद्यकाचे, अवयव फुप्फुस, व्याधी क्षय, क्रिया उपचाराची, साधन क्ष-किरण, स्वरूप संशोधनाचे, स्थळ भारत आणि काळ १९५०. प्रत्येकाचे चिन्ह ठरलेले. ती ओळीने लिहिली की ग्रंथाचा वर्गांक तयार. तो वर्गांक म्हणजे ग्रंथाच्या आशयाचा नकाशाच होय. पुढे त्यांनी कोणत्याही विषयाची फोड व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, अवकाश आणि काल या पाच मूलभूत कोटींत करता येते, असे प्रतिपादन केले.

वाङ्मयाच्या बाबतीत तर त्यांची युक्ती मोठी रंजक आहे. भाषा आणि साहित्यप्रकार यांच्या चिन्हांनंतर लेखकाच्या जन्मवर्षाचे चिन्ह येते. १५०० पासूनच्या शतकाला जे हे रोमन अक्षर, १८०० पासूनच्या शतकाला एम. त्यामुळे १५६४ साली जन्मलेल्या शेक्सपिअरचे चिन्ह जे ६४ होते. त्याच नियमाने १८६४ साली जन्मलेल्या हरि नारायण आपट्यांचे एम ६४ होईल. परिणाम असा की मराठी कादंबऱ्यांच्या मांडणीपुढून चालत जाणाऱ्या वाचकाला लेखक कालक्रमाने भेटत जातात. त्या भाषेतील कादंबरीचा इतिहास त्याच्या डोळ्यांपुढे उभा राहतो. कोणत्याही भाषेला दुसरीच्या कोपऱ्यात दाटीवाटीने बसावे लागत नाही.

१९३४ साली त्यांनी तालिकीकरणाचे नियम सिद्ध केले. ग्रंथ एकाच जागी ठेवता येतो. पण वाचक त्याच्याकडे अनेक वाटांनी येतो. कोणाला लेखक आठवतो, कोणाला नाव, कोणाला नुसता विषय. या सर्व वाटा तालिकेत उघड्या असल्या पाहिजेत, हा त्या नियमांचा गाभा. वर्गांकाच्या घटकांवरून विषयनोंदी क्रमाने तयार करण्याची त्यांची साखळी पद्धती १९५० पासून ब्रिटिश राष्ट्रीय ग्रंथसूचीने स्वीकारली. ज्या देशात ते विद्यार्थी म्हणून गेले, त्याच देशाने पंचवीस वर्षांनी त्यांचा धडा गिरविला. १९३७ साली वर्गीकरणाच्या तत्त्वांची मीमांसा करणारा त्यांचा ग्रंथ आला आणि १९४० साली संदर्भसेवेवरील. माहिती शोधणाऱ्याला केवळ कपाट दाखवून थांबू नये. त्याची खरी गरज काय, हे संभाषणातून जाणून घ्यावे आणि विश्वसनीय साधन त्याच्या हाती ठेवावे, हा त्यांचा आग्रह होता.

बैलगाडी आणि कायदा

विद्यापीठाच्या भिंतींत त्यांचे दुसरे सूत्र मावणारे नव्हते. प्रत्येक वाचक म्हणजे खेड्यातला शेतकरीही. १९३१ साली तंजावर जिल्ह्यातील मन्नारगुडी येथे बैलगाडीवरील फिरते ग्रंथालय सुरू झाले. पुस्तकांनी भरलेली गाडी आसपासच्या गावांत ठरल्या वेळी जाई. या उपक्रमामागे रंगनाथन आणि मद्रास ग्रंथालय संघ यांची प्रेरणा होती.

परंतु दात्यांच्या उदारतेवर चालणारे कार्य दात्याबरोबर संपू शकते, हे त्यांना ठाऊक होते. शिक्षणाप्रमाणे ग्रंथालयसेवा हाही नागरिकाचा हक्क व्हावा आणि तिला कायद्याने निश्चित उत्पन्न मिळावे, यासाठी त्यांनी १९३० साली काशी येथील अखिल आशियाई शिक्षण परिषदेत नमुना विधेयक मांडले. त्याला फळ येण्यास अठरा वर्षे लागली. कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली ग्रंथालय कायदा करून आघाडी घेतली होती. स्वतंत्र भारतातील पहिला सार्वजनिक ग्रंथालय कायदा मद्रास प्रांताने १९४८ मध्ये संमत केला आणि मालमत्ता करावरील अधिभारातून ग्रंथालयांसाठी पैसा उभा राहिला. त्यामागोमाग १९५५ मध्ये हैदराबाद राज्याने, १९६५ मध्ये तेव्हाच्या म्हैसूर राज्याने आणि १९६७ मध्ये महाराष्ट्राने कायदे केले. महाराष्ट्राने कर न बसविता लोकांनी चालविलेल्या ग्रंथालयांना अनुदान देण्याचा मार्ग पत्करला. १९९३ मध्ये गोव्याचा कायदा झाला. निरनिराळ्या राज्यांत विखुरलेली मराठी ग्रंथालये आज निरनिराळ्या व्यवस्थांखाली नांदत असली, तरी ग्रंथालय ही समाजाची जबाबदारी आहे, हे तत्त्व देशाच्या गळी उतरविण्यात रंगनाथन यांचा वाटा सर्वांत मोठा.

वनवास आणि मान

१९४५ साली विद्यापीठाच्या प्रशासनाशी मतभेद विकोपाला गेले आणि एकवीस वर्षे उभारलेले ग्रंथालय सोडून रंगनाथन बाहेर पडले. काही काळ त्यांना विलक्षण नैराश्याने ग्रासले. त्याच सुमारास डॉ. राधाकृष्णन यांच्या निमंत्रणावरून ते काशी हिंदू विद्यापीठात गेले. तेथे हाताखाली पुरेशी प्रशिक्षित माणसे नव्हती. तेव्हा पन्नाशी उलटलेल्या या विद्वानाने सुमारे एक लाख ग्रंथांचे वर्गीकरण स्वतः केले. दुःखावर त्यांना कामाचेच औषध माहीत होते.

१९४७ साली सर मॉरिस ग्वायर यांनी त्यांना दिल्ली विद्यापीठात आणले. तेथे ग्रंथालयशास्त्राचे उच्च शिक्षण आणि संशोधन यांचा पाया घातला गेला. भारतीय ग्रंथालय संघाचे अध्यक्षपदही त्यांनी अनेक वर्षे भूषविले. स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे काही काळ राहून १९५७ मध्ये ते बंगळूरला स्थायिक झाले. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली. ज्ञान आता ग्रंथांपेक्षा नियतकालिकांतील लेखांतून वेगाने प्रकट होत आहे आणि शास्त्रज्ञाला हवा तो लेख वेळेवर पुरविणे हे नव्या भारताच्या उभारणीचे काम आहे, हे त्यांनी ओळखले. प्रा. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या आश्रयाने १९६२ साली बंगळूर येथे त्यांनी प्रलेखन संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र सुरू केले. १९६५ साली भारत सरकारने त्यांना राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक नेमले.

त्यांची राहणी अतिशय साधी होती. साठवलेल्या पुंजीतून एक लाख रुपये त्यांनी मद्रास विद्यापीठाला, ज्या विद्यापीठातून ते दुखावून बाहेर पडले त्याच विद्यापीठाला, ग्रंथालयशास्त्राच्या प्राध्यापकपदासाठी दिले. त्या पदाला पत्नी शारदा यांचे नाव जोडले. कटुता विसरून मूळ संस्थेशी कृतज्ञ राहणे याहून मोठे संस्थाप्रेम ते कोणते?

थोर माणसाच्या मर्यादाही प्रांजळपणे नोंदविल्या पाहिजेत. रंगनाथन कामात कमालीचे काटेकोर होते आणि तीच अपेक्षा ते इतरांकडून करीत. सर्वांनाच ती झेपत नसे. त्यांची वर्गीकरणपद्धती आवृत्तीगणिक बदलत गेली आणि पूर्वीच्या आवृत्तीनुसार रचना केलेल्या ग्रंथालयांची पंचाईत झाली. लांबलचक वर्गांक सामान्य वाचकाला बोजड वाटत. परिणामी भारतातही बहुसंख्य ग्रंथालये ड्यूईंच्या दशांश पद्धतीनेच चालत राहिली. पण पद्धती मागे पडली तरी तिच्यामागचा विचार मागे पडला नाही. संगणकावरील ग्रंथसूचीत वाचक भाषा, लेखक, विषय, वर्ष असे एकेक पैलू निवडत हव्या त्या पुस्तकापर्यंत पोहोचतो. विषय घटकांत फोडून पुन्हा जोडण्याची ही रीत रंगनाथन यांनी कार्डांच्या आणि लाकडी खणांच्या काळात शास्त्रशुद्ध मांडली होती.

२७ सप्टेंबर १९७२ रोजी बंगळूर येथे त्यांचे निधन झाले. पन्नासहून अधिक ग्रंथ, देशभर पसरलेले शिष्य आणि पाच साधी सूत्रे एवढी संपत्ती त्यांनी मागे ठेवली. १२ ऑगस्ट हा दिवस भारतात ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो, तो त्यांच्या स्मरणार्थ.

शताब्दीसारख्या प्रसंगी ग्रंथालयाच्या संपत्तीची मोजदाद होते : ग्रंथसंख्या किती, दुर्मिळ पोथ्या किती, जुन्या मासिकांचे अंक किती. ती व्हावीच, पूर्वजांनी परमुलखात मराठी वाणी जिवंत ठेवण्यासाठी पदरमोड करून जमविलेले ते धन आहे. मात्र रंगनाथन यांच्या सूत्रांनी हिशेब मांडायचा, तर दाखलनोंदवहीच्या शेजारी देवघेवीची नोंदवहीही उघडावी लागते. किती ग्रंथांना गेल्या दहा वर्षांत एकही वाचक मिळाला नाही, आणि किती वाचक हवा तो ग्रंथ न मिळाल्याने परत गेले, हे दोन आकडे ज्या ग्रंथालयाला सांगता येतात ते आपली प्रकृती जाणते. मराठी शाळा कमी होत असलेल्या प्रांतांत तर या प्रश्नाला विशेष धार आहे. तेथे ग्रंथ पुष्कळ आणि वाचक विरळ अशी स्थिती येण्यास वेळ लागत नाही. अशा वेळी कंटाळून निघून जाण्याच्या बेतात असलेला तो गणिताचा प्राध्यापक आठवावा. त्यालाही वाचक नसलेलेच ग्रंथालय मिळाले होते. त्याने कुलुपे काढली, वेळ वाढविली, घरोघर जाऊन वाचक आणले आणि प्रत्येक ग्रंथापर्यंत जाणारी वाट दाखविली. हे करण्यासाठी राजवाड्यासारखी वास्तू लागत नाही. कपाटांच्या किल्ल्या हाती असलेल्या माणसाने ती कपाटे वाचकाची आहेत, असे मनोमन मानले की आरंभ होतो.